जनावरांचा डॉक्टर डनलॉप

आमच्या घरी डनलॉप हे एका बंडीचे नाव आहे. लाकडी चाकांची, लोखंडी धाव चढवलेली जुनी बंडी गोठ्यामागे मोडून पडली, तेव्हा आबांनी रबरी टायरची बंडी केली. गावात तिला सगळे टायरची बंडी म्हणतात. परंतु आबा तरुणपणी दोन हंगाम ऊसतोडीला पश्चिमेकडे जाऊन आलेले. तिकडे अशा गाडीला डनलॉप म्हणतात, म्हणून आमच्याकडेही ती डनलॉप झाली. डनलॉप जुंप, डनलॉप सोड, डनलॉपखाली कुत्री व्याली, असे संवाद ऐकतच मी मोठी झाले. या नावाचा एक माणूस होऊन गेला आणि तो व्यवसायाने जनावरांचा डॉक्टर होता, हे मला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आल्यावर कळले. आणि तेही आमच्या दादाच्या पिकअपमुळे.

आमचे गाव बुलढाणा आणि चिखली यांच्या मधल्या पट्ट्यात, घाटावर आहे. जमीन काळी. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पावसाळ्यात अशी चिकटते, की वावरात गेलेल्या माणसाची चप्पल तिथेच राहते आणि माणूस पुढे जातो. दादाने कर्ज काढून एक जुनी पिकअप घेतली. आमचे आणि शेजाऱ्यांचे सोयाबीन खामगावच्या बाजारात न्यायचे, परतताना कुणाचे खत, कुणाचे पत्रे आणायचे, असा त्याचा बेत होता. गेल्या खरिपात सोंगणीच्या वेळी परतीचा पाऊस लांबला. आमच्या वावराकडे जाणाऱ्या पांदण रस्त्यात पिकअप वीतभर चिखलात फसली ती फसलीच. पोती उतरवली, चाकांखाली दगड घातले, पऱ्हाट्या घातल्या. चाक जागच्या जागी फिरत राहिले आणि आमच्या सगळ्यांच्या अंगावर काळा गाळ उडाला. शेवटी शेजारच्या गावातून ट्रॅक्टर बोलवावा लागला. त्या दिवसाची सगळी कमाई ट्रॅक्टरवाल्याला गेली.

तेव्हापासून दादाच्या डोक्यात मोठ्या टायरचे वेड शिरले. त्याच्या मित्राने आपल्या जीपला नवे टायर टाकले होते. उतरवलेले चारही टायर पिकअपच्या टायरपेक्षा रुंद आणि उंच होते. मित्र म्हणाला, लावून बघ, पसंत पडले तर दिवाळीनंतर पैसे दे. दादाचा हिशेब इथेच थांबला नाही. मोठे टायर आले की पिकअप थेट वावरात जाईल. ती वावरात गेली की डनलॉपची गरज उरणार नाही. डनलॉपची गरज नाही म्हणजे बैलजोडीची गरज नाही. जोडी विकली की टायरचे पैसे फिटतील आणि कर्जाचे काही हप्तेही. हिशेब कागदावर बरोबर होता. आबा काही बोलले नाहीत. त्या रात्री ते जेवले मात्र नाहीत.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी एकटी. त्यामुळे बाबांनी मला सांगितले, की या टायरचे नक्की काय ते पुस्तकांत बघून ये. मराठी आणि इतिहास घेऊन शिकणाऱ्या मुलीने टायरबद्दल काय बघावे! परंतु बाबांना नाही म्हणवेना. आमच्या ग्रंथालयात जुन्या कोशांची एक रांग आहे, तिच्याकडे सहसा कोणी फिरकत नाही. तिथून सुरुवात केली, आणि टायर राहिला बाजूला, मी जॉन बॉइड डनलॉप या गृहस्थाच्या मागे लागले.

हा माणूस ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमध्ये, एअरशायर परगण्यातल्या ड्रेगहॉर्न गावी, शेतकऱ्याच्या घरी जन्मला. आईने त्याला सांगून ठेवले होते, की तू दिवस भरायच्या दोन महिने आधी जन्मलास. ती गोष्ट त्याने मनाला इतकी लावून घेतली, की आपली प्रकृती नाजूक आहे असे समजून तो जन्मभर स्वतःला जपत राहिला. गंमत अशी, की एक्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात शेवटच्या आजारापर्यंत त्याला कसलाही मोठा आजार झाला नाही. आमच्याकडेही अशी माणसे असतात. बारा महिने कानाला मफलर, आणि गावातले सगळे धडधाकट लोक त्यांच्यादेखत जातात.

शेतकऱ्याच्या या मुलाने एडिंबरोला जनावरांच्या डॉक्टरकीचे शिक्षण घेतले आणि एकोणिसाव्या वर्षी तो पदवी घेऊन बाहेर पडला. काही वर्षे स्कॉटलंडमध्येच काम करून १८६७ साली तो समुद्र ओलांडून आयर्लंडला गेला. १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हनसन हिच्याशी त्याचे लग्न झाले. डाउनपॅट्रिक या गावी भावाबरोबर त्याने जनावरांचा दवाखाना चालवला, आणि पुढे बेलफास्ट शहरात मे स्ट्रीटवर स्वतःचा मोठा व्याप उभा केला. आयर्लंडमधल्या सर्वांत मोठ्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत त्याची गणना होऊ लागली. त्याच्याकडे बारा नालबंद कामाला होते, यावरून त्या व्यापाची कल्पना यावी. आमच्या बाजारात बैलांना पत्र्या ठोकणारा एकच नालबंद येतो आणि त्याच्यापुढे दुपारपर्यंत रांग असते. बारा नालबंद म्हणजे दिवसभर केवढी ठोकाठोक चालत असेल!

बेलफास्ट हे तेव्हा कापडाच्या गिरण्यांचे आणि जहाजे बांधणारे शहर होते. माल सगळा घोडागाड्यांवर. रस्ते दगडी चिऱ्यांचे, आणि त्यांतून ट्रामचे रूळ गेलेले. अशा रस्त्यावर ओझे ओढणाऱ्या घोड्याचे खूर आणि सांधे यांचे काय होते, ते डनलॉप रोज आपल्या हातांनी पाहत होता. मला वाटते, त्याच्या शोधाचे मूळ इथेच कुठेतरी शोधावे लागेल. तो यंत्रविद्या शिकलेला नव्हता, कारखानदारही नव्हता. कठीण चाक कठीण जमिनीवर आपटले की तो धक्का शेवटी कोणाच्या तरी अंगात जाऊन बसतो, हे ज्याला रोज दिसत होते असा तो माणूस होता.

तो धक्का एके दिवशी त्याच्या घरातच आला. त्याचा मुलगा जॉनी नऊदहा वर्षांचा होता. त्याच्या प्रकृतीसाठी डॉक्टरांनी त्याला सायकल चालवायला सांगितले होते. मुलाची तीनचाकी सायकल होती आणि तिच्या चाकांवर त्या काळच्या रिवाजाप्रमाणे भरीव रबराच्या पट्ट्या होत्या. चिऱ्यांच्या रस्त्यावर ती सायकल चालवणे म्हणजे व्यायाम कमी आणि हाडे खिळखिळी होणे अधिक. मुलाची तक्रार बापाने मनावर घेतली. १८८७ च्या ऑक्टोबरात त्याने आपल्या आवारात प्रयोगाला सुरुवात केली. रबर हाताळायची त्याला थोडी सवय होती. पातळ रबराची एक नळी त्याने चिकटवून केली, ती एका लाकडी चकतीच्या कडेला बसवली, वरून कापडाची पट्टी ताणून खिळ्यांनी पक्की केली, आणि मुलाच्या फुटबॉलच्या पंपाने तिच्यात हवा भरली. मग सायकलचे भरीव रबराचे चाक आणि आपली ही फुगीर चकती, दोन्ही त्याने अंगणातून आळीपाळीने घरंगळत सोडली. सायकलचे चाक थोडे जाऊन कलंडले. चकती मात्र सारे अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेली आणि फाटकाला आपटून उलट फिरली.

मला हा प्रसंग फार आवडतो. त्यात ना प्रयोगशाळा, ना साहाय्यक. एक बाप, एक अंगण, दोन चाके. आपल्याकडची पोरे टायर घेऊन काडीने हाकत गल्लीतून पळतात, त्याहून यात वेगळे काही नाही. फरक इतकाच, की चाक कुठवर गेले ते त्याने नीट पाहिले.

पुढे त्याने मुलाच्या तीनचाकीच्या मागच्या दोन्ही चाकांना असे हवेचे टायर बसवले. १८८८ च्या फेब्रुवारीअखेर एका रात्री मुलगा ती सायकल घेऊन बाहेर पडला, अशी हकीगत आहे. रात्री का, तर तो तितका वेळही धीर धरायला तयार नव्हता! धक्के जवळजवळ नाहीसे झाले होते. आणि धक्के कमी झाले एवढेच नाही, सायकल पळूही लागली होती. ही गोष्ट डनलॉपच्या मूळ हेतूत नव्हती. त्याला मुलाचे हाल कमी करायचे होते. परंतु चाक प्रत्येक खडकावर उडण्याऐवजी खडा स्वतःच्या पोटात घेऊन पुढे सरकू लागले, की उडण्यात वाया जाणारी ताकद वाचते; ती वेगाच्या कामी येते. ७ डिसेंबर १८८८ रोजी त्याला या शोधाचे पेटंट मिळाले.

यानंतरचा भाग पोवाड्यासारखा आहे. विली ह्यूम हा बेलफास्टच्या एका सायकल क्लबचा कप्तान. त्याने हवेचे टायर लावलेली सायकल विकत घेतली. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर शर्यती होत्या. त्या जाड, फुगलेल्या चाकांची सायकल पाहून प्रेक्षक हसले. शर्यती सुरू झाल्या आणि हसणे थांबले. सायकलींच्या चारही शर्यती ह्यूमने जिंकल्या. थोड्याच दिवसांत लिव्हरपूलला जाऊन तिथल्याही एक सोडून सगळ्या शर्यती त्याने मारल्या. आपल्या स्नेहसंमेलनाच्या मैदानी खेळांत असा एखादा प्रकार घडता तर पंचांनी सायकलच जप्त केली असती, असे आमच्या वर्गातल्या एकाचे मत पडले.

बेलफास्टच्या त्या शर्यतीत हरलेल्यांमध्ये हार्वी दु क्रो नावाच्या व्यापाऱ्याचे मुलगे होते. दु क्रो हा आयर्लंडमधल्या सायकलपटूंच्या संघटनेचा अध्यक्ष. पोरे हरल्याचे दुःख करत बसण्याऐवजी त्याने त्या चाकाची चौकशी केली, आणि १८८९ मध्ये डब्लिन येथे हवेच्या टायरची कंपनी निघाली. डनलॉपने आपले पेटंट कंपनीच्या स्वाधीन केले आणि त्या बदल्यात त्याला १५०० शेअर मिळाले.

आणि १८९० मध्ये एक धक्का बसला. तो कोणत्याही टायरने सोसला नसता. पेटंट कचेरीने कळवले, की हा शोध आधीच लागून गेलेला आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने १८४५ सालीच, म्हणजे डनलॉप पाच वर्षांचा असताना, हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते. आत रबर लावलेल्या कापडाची नळी आणि वर कातडे, अशी त्याची चाके लंडनच्या रीजंट पार्कमध्ये घोडागाडीला लावून दाखवलीही गेली होती. त्यांपैकी एक जोड सुमारे १२०० मैल चालला म्हणतात. परंतु तेव्हा सायकली आजच्यासारख्या नव्हत्या, मोटारी नव्हत्या, चांगले पातळ रबर मिळत नव्हते. लोकांना त्या चाकाची गरज भासली नाही आणि ते विस्मरणात गेले. थॉमसन १८७३ साली वारला. आपले चाक पुन्हा जन्मलेले त्याने पाहिले नाही. डनलॉपला त्याची काहीही माहिती नव्हती. चाळीस वर्षांच्या अंतराने दोघांनी एकच गोष्ट स्वतंत्रपणे शोधली. पेटंट निकामी ठरले. तरीही कंपनी तगली, ती इतरांच्या सुधारणांवर. डनलॉपचा टायर चाकाला कायमचा चिकटवलेला असे. पंक्चर काढायचे तर सगळा खटाटोप. वेल्श नावाच्या माणसाने कडेला तारा घालून टायर रिमवर बसवण्याची युक्ती काढली, बार्टलेटने दुसरी, आणि वुड्सने हवा भरायचा सोपा व्हॉल्व्ह केला. आज आपण सायकलच्या दुकानात बसून पाच मिनिटांत पंक्चर काढून घेतो, ते या मंडळींच्या कृपेने.

१८९२ मध्ये डनलॉपने जनावरांचा दवाखाना सोडला आणि तो डब्लिनला राहायला गेला. पण कंपनीच्या कारभारात त्याचे मन रमले नाही. १८९५ मध्ये तो तिथूनही बाहेर पडला. पुढच्याच वर्षी दु क्रोने ती कंपनी हूली नावाच्या एका सट्टेबाज गृहस्थाला ३० लाख पौंडांना विकली आणि त्याने ती लोकांना ५० लाखांना विकली. एवढा पैसा हातोहात फिरला. ज्याच्या अंगणातून चाक निघाले तो मात्र यात कुठेच नव्हता. त्याला फार मोठी संपत्ती काही मिळाली नाही. डब्लिनमध्ये एका कापडाच्या दुकानाच्या धंद्यात त्याने लक्ष घातले आणि उरलेली पंचवीस वर्षे शांतपणे काढली. रस्त्यावर दर दिवशी वाढत्या संख्येने स्वतःचे नाव फिरताना पाहत एखादा माणूस कापड कसे विकत असेल, याचे मला राहून राहून नवल वाटते. १९२१ च्या ऑक्टोबरात त्याला सर्दीपडसे झाले आणि २३ तारखेला तो गेला. त्याने लिहून ठेवलेल्या आठवणी मुलीने १९२४ मध्ये छापल्या.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे मला बरे वाटत नाही. हवेच्या टायरमुळे १८९० नंतर सायकलींचे पीक आले, मागोमाग मोटारी आल्या, आणि जगाला रबर पुरेना. त्या काळी ते बहुतेक जंगलातून येई. आफ्रिकेत काँगो हा मुलूख बेल्जियमच्या राजाची, दुसऱ्या लिओपोल्डची, खासगी मालमत्ता होता. तिथल्या लोकांवर रबर गोळा करण्याची सक्ती झाली. ठरलेले रबर न आणणाऱ्यांची गावे जाळली गेली, माणसे मारली गेली, हात तोडले गेले. यात डनलॉपचा दोष कोणी धरणार नाही. तो मुलासाठी सायकल करत होता. परंतु बेलफास्टच्या पोराच्या पाठीचा धक्का वाचला आणि तो कुठे जाऊन बसला, हे आपल्या पुस्तकांत सहसा एका पानावर येत नाही, म्हणून लिहिले.

आपल्या देशात या नावाच्या कंपनीने १९३६ मध्ये हुगळीकाठी साहागंज येथे कारखाना काढला. मोटारींबरोबर बैलगाडीसाठीही टायर निघाले, आणि शेतकऱ्याने कंपनीचेच नाव गाडीला देऊन टाकले. लोखंडी धावेचे चाक अरुंद असते. ओझ्याखाली ते जमीन कापत जाते आणि चाकोरी पाडते. एकदा चाकोरी पडली की मागच्या प्रत्येक गाडीला तिच्यातूनच जावे लागते. हवेचे चाक पसरून टेकते, जमिनीला कापत नाही, आणि बैलांच्या खांद्यावरचे ओझे पुष्कळ हलके होते. साहागंजचा तो कारखाना बंद पडून आता बरीच वर्षे झाली. नाव मात्र वावरात चालू आहे.

आता आमच्या पिकअपकडे वळते. इतके वाचल्यावर मी वही घेऊन दादाजवळ बसले. टायरच्या कडेवर आकडे छापलेले असतात, त्यांचा अर्थ आम्ही दोघांनी लावला. पिकअपच्या टायरवर २१५/७५ आर १५ असे होते. म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ७५ टक्के, आणि आतले चाक १५ इंची. जीपच्या टायरवर २३५/७५ आर १५. गुणाकार-बेरीज केल्यावर जुन्या टायरचा व्यास आला साधारण ७०३ मिलिमीटर आणि मोठ्याचा ७३३. तीन सेंटिमीटरांचा फरक. आणि आस चाकाच्या मध्यावर असतो, म्हणजे गाडी उचलली जाणार ती त्याच्या निम्मी, दीड सेंटिमीटर. वीतभर चिखलात दीड सेंटिमीटर! दादाने बेरीज दोनदा तपासली.

बाकीचेही हळूहळू उलगडत गेले. चाक चार टक्क्यांनी मोठे झाले, म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये ओढ चार टक्क्यांनी कमी; भरल्या गाडीने घाट चढताना ते जाणवणारच. काटा ६० दाखवील तेव्हा गाडी साडेबासष्टच्या वेगाने पळत असेल. जीपचे टायर माणसांसाठी केलेले, पोत्यांसाठी नव्हे. त्यांचे प्लाय कमी. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहेच. कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. अपघात झाला तर विमेवाला पहिल्यांदा तेच बघेल, हे बाबांनी सांगितले.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे ते डनलॉपच्या अंगणातले. ओझे रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. चाक जमिनीवर किती टेकते, ते मुख्यतः वजन आणि हवेचा दाब यांवर ठरते. एका चाकावर ७०० किलो ओझे आणि आत ५० पौंड हवा असेल, तर चाक टेकते अवघ्या दोन तळहातांएवढ्या जागेवर. टायर मोठा घेतला आणि हवा तितकीच ठासून भरली, तर ही जागा फारशी वाढत नाही. हवा कमी केली की वाढते. मात्र कमी हवेवर ओझे घेऊन पळवले तर टायर तापतो आणि फाटतो.

दादाला हे सगळे पटले, असे मी म्हणणार नाही. बहिणीने वहीत केलेला हिशेब आणि मित्राचे चकचकीत टायर यांत कोण जिंकणार, हे उघड होते. त्याने ते चारही टायर लावलेच. गाडी दिसायला खरोखर रुबाबदार झाली. पोरे तिच्याभोवती जमली. दुसऱ्या दिवशी पोती भरून तो बुलढाण्याहून बोथ्याच्या घाटाने खामगावला निघाला. मी शेजारी होते, कारण मला शेगावला मावशीकडे जायचे होते. ज्ञानगंगेच्या जंगलातून रस्ता उतरतो तिथे एका वळणावर समोरून ट्रक आला. दादाने स्टेअरिंग पूर्ण कापले, आणि पुढचे चाक मडगार्डच्या आतल्या कडेला घासून क्षणभर अडकले. गाडी वळेना. रबर जळाल्याचा वास आला. ट्रकवाला शहाणा होता. त्याने आपली गाडी डोंगराच्या बाजूला दाबून थांबवली. आमचे पुढचे चाक रस्त्याच्या कडेपासून हातभर अंतरावर थांबले होते. खाली दरी फार खोल नाही तिथे. पण आहे.

आम्ही दोघे उतरून दगडावर बसलो. सागाची पाने वाजत होती. दादा बराच वेळ चाकाकडे बघत होता. मग त्याने मला विचारले, की त्या माणसाचा पोरगा पडला वगैरे होता का कधी सायकलवरून. मी म्हटले, असे वाचण्यात आले नाही. तिथून खामगावपर्यंत गाडी बैलाच्या चालीने गेली. पुरे वळण येईल तिथे दादा आधीच थांबे आणि मागेपुढे करून गाडी काढी. घरी परतल्यावर त्याच संध्याकाळी त्याने टायर उतरवले आणि धुऊन मित्राला परत दिले.

आता आमच्याकडे असे चालते. पोती वावरातून पांदणीच्या तोंडापर्यंत डनलॉपवर येतात. तिथे मुरुमाच्या रस्त्यावर पिकअप उभी असते. फार ओल नसेल तर दादा रिकामी गाडी हवा उतरवून वावराजवळ नेतो, आणि भरण्याआधी छोट्या पंपाने चारही चाकांत काट्यावर बघून हवा भरतो. बैलजोडी विकली नाही. पोळ्याला तिच्या शिंगांना बेगड लावले आणि बंडीची चाकेही धुतली. कर्जाचे हप्ते आहेत तितकेच आहेत. त्याबाबतीत डनलॉपसाहेबांचा काही उपयोग झाला नाही.

हा लेख लिहीत असताना आबांनी एकदा विचारले, की रोज एवढे काय लिहितेस. मी म्हटले, आपल्या बंडीला ज्याचे नाव आहे त्या माणसाची हकीगत लिहिते. तो परदेशात जनावरांचा डॉक्टर होता आणि त्याच्याकडे बारा नालबंद होते. आबांना बाराचा आकडा खोटा वाटला. मी पुस्तकात आहे म्हणून सांगितले. बैलांना औषध देत होता का, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, घोडे जास्त. त्यांनी थोडा विचार केला, मग त्याला खुरांतले कळत असेल एवढे म्हणाले, आणि वैरण टाकायला उठले.